कार्यक्रम राहू द्या, आधी अंघोळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या एका चाळीस खाटांच्या शुश्रूषा केंद्राचा कारभार नुकताच तुमच्या हाती आला आहे. निम्म्याहून जास्त आजी-आजोबा दिवसभर टीव्हीसमोर गप्प बसून असतात. चार-पाच जण दिवस मावळला की ‘घरी जायचंय’ म्हणत आरडाओरडा सुरू करतात. सेवा करणाऱ्या मावशी दोन-तीन महिन्यांत काम सोडून जातात, आणि नातेवाईक रविवारी येऊन तुमच्यावर डाफरतात. मालकांचं म्हणणं, दर आठवड्याला भजन, वाढदिवस, जादूचे प्रयोग असं काहीतरी ठेवा, म्हणजे वातावरण प्रसन्न राहील. तर कोणते कार्यक्रम ठेवू, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिले तीन महिने एकही ठेवू नका. मी रुग्णालयात नर्स म्हणून सुरुवात केली आणि पुढे पुण्याकडच्या अशा केंद्रांत मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका म्हणून बरीच वर्षं काढली. कार्यक्रमांचे फोटो छान येतात, पण भजनी मंडळ तासभर येतं आणि जातं. बाकीचा सगळा दिवस अंघोळ, चहा, जेवण, संडास आणि कूस बदलणं यातच जातो, आणि यातलं प्रत्येक काम मावशीच्या हातून होतं. त्यामुळे आजी-आजोबा गप्प का आणि मावशी टिकत का नाहीत, हे तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

एखाद्या दिवशी पहाटे चारला केंद्रात जाऊन बसा आणि आठपर्यंत फक्त बघा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी चित्र असं होतं: रात्रपाळी आठला सुटते आणि सुटण्याआधी ‘सगळ्यांच्या अंघोळी झाल्या’ असं रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. तीन मावशी आणि चाळीस माणसं. मग साडेचारपासून एकेकाला उठवायला सुरुवात होते. गाढ झोपेतल्या बाईच्या अंगावरचं पांघरूण ओढलं जातं, गाऊन डोक्यावरून निघतो, व्हीलचेअरवरून थेट बाथरूम आणि पहिला मग डोक्यावर. जिला आपण कुठे आहोत हेच उमगत नाही, तिला एवढंच कळतं की कोणी अनोळखी बाई आपल्याला उघडं करून काहीतरी करते आहे. ती ओरबाडते, चावते. ‘पेशंट अग्रेसिव्ह’ अशी नोंद पडते, डॉक्टर फोनवर गोळी सांगतात, आणि ती दिवसभर मान टाकून टीव्हीसमोर बसते. दुपारी तुम्हाला दिसणारी गप्प बाई अशी पहाटे साडेचारला तयार होते. आणि ओरबाडे खाल्लेली मावशी महिना भरला की ब्युरोला, म्हणजे मावशी पुरवणाऱ्या एजन्सीला, फोन करून दुसरीकडे जाते.

म्हणून पहिला बदल अंघोळीच्या वेळापत्रकात करा. अंघोळी रात्रपाळीकडून काढून घ्या. ज्यांना देवपूजेआधी अंघोळ लागतेच, ते तीन-चार जण स्वतःच लवकर उठतात. त्यांची आधी होऊ दे. बाकीच्यांची चहा-नाश्त्यानंतर आणि काहींची चक्क दुपारी. रोज प्रत्येकाला डोक्यावरून अंघोळ हवीच असाही हट्ट नको. तोंड, काखा, जांघा, पायाची बोटं रोज कोमट पाण्याने नीट पुसली आणि पूर्ण अंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा झाली तरी म्हाताऱ्या कोरड्या त्वचेला ते जास्त मानवतं. मात्र ‘पारोसं ठेवलं’ ही तक्रार येणार, कारण त्या पिढीला स्वतःलाच पारोसं राहणं चालत नाही. तेव्हा ज्याची त्याची सवय विचारून ठरवा.

अंघोळ घालायची कशी, हे मी एका मावशींकडून शिकले. परभणीकडच्या होत्या, शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडच्या एक आजी बाथरूमचं दार दिसलं की दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवायच्या. दोघीजणी मिळून त्यांना आत ढकलायच्या. या मावशींनी आधी बाथरूममध्ये गरम पाणी ओतून फरशी आणि हवा उबदार केली. आजींना स्टुलावर बसवलं, गाऊन काढायच्या आधीच अंगावर जुनं सुती लुगडं पांघरलं आणि गाऊन आतून काढून घेतला. पहिलं पाणी पावलांवर. मग तांब्या आजींच्याच हातात दिला आणि विचारलं, “कढत झालंय का, बघा बरं.” आजींनी सवयीने पाणी पायावर ओतलं, मग गुडघ्यावर. मावशी लुगड्याखालून हात घालून अंग चोळत होत्या. डोकं सगळ्यात शेवटी, तेही कपाळावर हात आडवा धरून, म्हणजे पाणी डोळ्यांत जात नाही. पूर्वी दोघींची पंधरा मिनिटं झटापटीत जायची, आता एकीची वीस मिनिटं लागायला लागली. हिशेब केला तर फायदाच झाला. अशी एखादी मावशी तुमच्याकडेही असणार. तिला शोधा आणि बाकीच्यांना तिच्या हाताखाली आठवडाभर शिकू द्या. बाहेरून प्रशिक्षक आणून घेतलेल्या दोन तासांच्या वर्गापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

तुमचं चाळीसजणांचं केंद्र गप्प आहे त्याचं दुसरं कारण असं की तिथे कोणाला काही विचारलंच जात नाही. चहा किती साखरेचा, पंखा हवा की नको, आज कोणती साडी, सगळं ठरलेलं असतं. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, खोली कशी लावायची, सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी हे तुम्ही ठरवा, आणि ही कुंडी निवडून तिला पाणी घालणं तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, आम्ही तुमची सगळी काळजी घेऊ. कुंडी दिली, पण पाणी नर्स घालणार. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त हालते-बोलते झाले, स्वतःबद्दल बरं सांगू लागले. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण त्यात पैसे लागत नाहीत, हे तुमच्या मालकांना सांगण्यासारखं आहे. मावशींना एवढंच सांगा की दोन साड्या हातात धरून विचारायचं. बोलता न येणारी बाईसुद्धा एकीकडे बघते. नऊवारीत आयुष्य काढलेल्या बाईला सरसकट गाऊन घालणं तर शक्यतो टाळाच. अगदी अंथरुणाला खिळलेल्या असतील तर निदान खांद्यावर पदरासारखं काही असू द्या. आणि हाक कशी मारायची तेही विचारा. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना ‘ए आजी’ म्हटलेलं आवडत नाही. त्या ‘बाई’च असतात.

संडास-लघवीबद्दल थोडं स्पष्टच लिहिते. बऱ्याच जणांना डायपर गरजेपोटी लागलेला नसतो, मनुष्यबळाच्या टंचाईने लागलेला असतो. घरून येताना चालत बाथरूमला जाणारा माणूस पडेल या भीतीने पहिल्याच दिवशी डायपरमध्ये जातो आणि महिन्याभरात त्याची सवय मोडते ती कायमची. चहानंतर, जेवणानंतर आणि मधे दर दोन-तीन तासांनी नेऊन बसवायचं, एवढ्यावर कित्येकांचा दिवसाचा डायपर सुटतो. हा वेळ जास्तीचा जातो, पण डायपरचा खर्च, जांघेतल्या जखमा आणि लघवीचे संसर्ग कमी होतात. आणखी एक: लघवीला नेणारं कोणी नाही हे कळलं की म्हातारी माणसं पाणी पिणंच बंद करतात. मग बद्धकोष्ठ होतं, लघवीत संसर्ग होतो, आणि काल बरं बोलणारा माणूस आज भलतंच बरळायला लागतो. असा एक-दोन दिवसांत झालेला बदल ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला डिलिरियम म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यामागे उपचार करता येईल असं कारण असतं: लघवीतला संसर्ग, साचलेला मल, ताप, साखर किंवा सोडियम खाली जाणं, नवी सुरू केलेली गोळी. त्या दिवशीच डॉक्टरांनी प्रत्यक्ष येऊन बघायला हवं.

आता संध्याकाळच्या आरडाओरड्याकडे येऊ. स्मृतिभ्रंशात दिवस मावळताना बेचैनी वाढते हे खरंच आहे, पण तुमचं वेळापत्रक त्यात तेल ओततं का ते बघा. दिवसपाळीला आठला सुटायचं असतं, म्हणून साडेसहाला जेवणं, सातला डायपर बदलून सगळे पलंगावर. सातला झोपवलेला माणूस पहाटे तीनला उठणारच, त्याची झोप झालेली असते. मग रात्रपाळीची मावशी सांगते की हे झोपत नाहीत, आणि झोपेची गोळी सुरू होते. त्यात भर म्हणजे बेचैनी शिगेला असताना, साडेसात-आठच्या सुमारास पाळी बदलते: ओळखीचे चेहरे पिशव्या घेऊन घरी निघतात, नवे येतात, दाराशी गडबड. ते बघून ‘मलाही घरी जायचंय’ असं कोणाला वाटणार नाही? पाळी दुपारी दोनला बदलता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर कपडे बदलणं, हजेरी हे सगळं मुख्य दालनापासून लांब करा. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, कारण खिडकीच्या काचेत दिसणाऱ्या प्रतिबिंबाला घाबरणारे असतात. पाचच्या सुमारास पोटात काही गरम जाऊ द्या, उपमा, लापशी, दूध. झोपवायची घाई साडेआठ-नऊच्या आधी नको.

एक आजोबा आयुष्यभर एसटीत चालक होते. पहाटे साडेचारला उठून दाराशी जायचे, कडी वाजवायचे, ‘गाडी सुटेल’ म्हणायचे. एका ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, त्यांना समजावून पाहिलं की तुम्ही केव्हाच रिटायर झालात. त्यावर आजोबा हात उगारायचे. रात्रीच्या मावशीने काय केलं, तर त्यांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “कोणता रूट आज?” आजोबा थांबे सांगायचे, एकेक गाव, न चुकता. अर्ध्या तासात तिथेच डुलकी लागायची. यावर आमच्याकडे वाद झाला की हे खोटं बोलणं नाही का. माझं मत असं की ‘गाडी आहे, थांबा’ म्हणून फसवणं वेगळं आणि त्यांच्या आठवणीत त्यांच्यासोबत बसणं वेगळं. मावशीने एकही खोटं वाक्य उच्चारलं नव्हतं.

शांत करणाऱ्या औषधांची यादी मागवून घ्या. चाळीसपैकी किती जणांना क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल चालू आहे, कधीपासून आणि कशासाठी. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या वर्गातल्या नव्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा २००५ साली दिला आणि २००८ साली जुन्या औषधांनाही तो लागू केला. काही जणांना ती खरोखर लागतात. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका. पण दर तीन महिन्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडून आढावा घ्या. आणि त्याआधी दुखतंय का ते बघा. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं श्वासात, कण्हण्यात, चेहऱ्यात, आवळलेल्या मुठीत आणि समजूत घालूनही न शांत होण्यात दिसतं. या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन दुखणं मोजायची ‘पेनॅड’ नावाची पट्टी आहे. मावशींना ती मराठीत करून द्या, अर्ध्या तासात शिकतात. ‘अग्रेसिव्ह’ म्हणून नोंदलेल्या कितीजणांची दाढ किडलेली असते, गुडघा सुजलेला असतो किंवा पाच दिवस पोट साफ नसतं, ते तुमच्या लक्षात येईल.

जेवण भरवण्याबद्दल एवढंच: उभ्याने भरवायचं नाही. मावशीला स्टूल द्या, तिचे डोळे आजींच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला हवेत. लहान चमचा, गिळलेलं बघून पुढचा घास, हनुवटी किंचित खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास बसतं ठेवायचं. कोरडे पोहे आणि पातळ चहा दोन्ही ठसका लावतात. कवळी तोंडात आहे ना ते आधी बघा. ती अनेकदा कपाटातल्या डबीतच राहते. शय्याव्रणासाठी, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांसाठी, एअर मॅट्रेस घेतली म्हणजे कूस बदलायची सुट्टी मिळत नाही, दर दोन तासांनी बदलायचीच. आपल्या सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसत नाही, म्हणून माकडहाड आणि टाचा बोटांनी चाचपून बघायला शिकवा, गरम किंवा टणक लागतात का.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, एवढं करणार कोण? इथूनच मावशींचा विषय सुरू होतो, आणि खरं तर याच विषयात तुमचे पहिले तीन महिने जायला हवेत.

आधी त्यांची झोपायची जागा बघा. मी अशी केंद्रं पाहिली आहेत जिथे चोवीस तास ड्युटीच्या मावशी दोन पलंगांच्या मधे सतरंजीवर झोपतात आणि रात्रीतून पाच-सहा वेळा उठतात. सकाळी त्यांच्याकडून मायेची अपेक्षा करायची कशी? चोवीस तासांची ड्युटी बंद करा. बारा तासांचीही जड आहेच. आठ तास परवडत नसतील तर निदान मधे दोन तासांची खरी सुट्टी, दार लावून पडता येईल अशी खोली आणि आठवड्याला एक पूर्ण दिवस मोकळा द्या. जेवण आजी-आजोबांसाठी शिजतं तेच, गरम, बसून. उरलंसुरलं नव्हे. ही बाब मालकांना क्षुल्लक वाटेल, पण काम का सोडलं असं विचारलं की मावशी पगाराच्या आधी जेवणाचं सांगतात, हा माझा अनुभव आहे.

पगाराबद्दल सरळ सांगते. ब्युरोमार्फत बाई घेतली की तुम्ही देता त्यातला बराचसा वाटा ब्युरोकडे जातो. सहा महिने टिकलेल्या मावशींना केंद्राच्या हजेरीपटावर घ्या. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना राज्य कामगार विमा लागू होतो. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. तुमच्या केंद्राला तो कसा लागू होतो ते कामगार सल्लागाराकडून तपासून घ्या. तिचं स्वतःचं आजारपण, मुलाचं ऑपरेशन यासाठी मावशी गावी जाते ती परत येत नाही; विमा असेल तर परत येण्याची शक्यता कितीतरी वाढते. हेपॅटायटिस-बीची लस, शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत, तुमच्या खर्चाने द्या.

पाठीचं दुखणं हे या कामातलं न बोललं जाणारं आजारपण आहे. काखेत हात घालून उचलणं पूर्ण बंद करा. त्याने मावशीची कंबर जाते आणि लकवा झालेल्या माणसाचा खांदा निखळतो. पाठीखाली दुमडलेली चादर आडवी घालून दोघींनी दोन बाजूंनी सरकवायचं, पलंग मावशीच्या कमरेइतका वर घ्यायचा, उठवताना आधी माणसाला कडेला बसवून पाय जमिनीला टेकवायचे. जवळच्या फिजिओथेरपिस्टला महिन्यातून एकदा बोलवा, आणि आजोबांच्या व्यायामासोबत मावशींच्या कमराही तपासून घ्या.

यापुढचं लिहिणं अवघड आहे, पण टाळता येत नाही. मावशीला आडनाव विचारलं जातं आणि ते कळल्यावर हातचं पाणी नाकारलं जातं, हे आजही घडतं. कधी आजोबा नाकारतात, कधी त्यांची सुशिक्षित सूनबाई हळूच ‘दुसरी बाई मिळेल का’ विचारते. प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगा की जातीवरून किंवा धर्मावरून मावशी बदलून मिळणार नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, पण त्या दिवशी त्या मावशीला केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसवून तुम्ही तिच्या बाजूने आहात हे सांगणं तुमचं काम आहे. तसंच नको तिथे हात लावणाऱ्या आजोबांचं. मेंदूच्या आजारात संयम सुटतो, ते जाणूनबुजून नसेल. तरी मावशीने हसण्यावारी न्यावं ही अपेक्षा चूक आहे. तिथे दोघींनी मिळून जा, किंवा ब्रदर जाऊ दे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. ती कागदावरच असेल तर आधी खरी करा.

आणि दागिने. बांगडी सापडली नाही की पहिली झडती मावशीच्या पिशवीची होते. दाखल करून घेताना अंगावरच्या प्रत्येक वस्तूचा फोटो, यादी, नातेवाइकाची सही; सोनं शक्यतो घरीच पाठवा. एवढ्या एका कागदाने मावशीची अब्रू राखली जाते.

रागाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धांना वाईट वागणूक दिली गेल्याचं सांगितलं आहे. ही माणसं दुष्ट नसतात. थकलेली असतात, एकटी असतात आणि ‘माझा हात उठेल असं वाटतंय’ हे सांगायची त्यांना सोय नसते. ती सोय करा. आमच्याकडे एक खूण ठरलेली होती: मावशीने ‘मी जरा गच्चीवर जाते’ म्हटलं की दुसरीने काही न विचारता तिचा पेशंट धरायचा. दहा मिनिटांनी ती परत यायची. गच्चीवर गेल्याबद्दल कोणाला कधी बोलणी बसली नाहीत, म्हणून ती खूण चालली. मात्र खरोखर मारलं, बांधून ठेवलं, उपाशी ठेवलं, तर त्याच दिवशी कारवाई करा. तिथे थकव्याचं कारण ऐकून घेऊ नका.

मृत्यूनंतर काय होतं तेही बघा. दोन वर्षं जिने भरवलं, धुतलं, तिला शववाहिका गेल्यावर तासाभरात तोच पलंग फिनेलने पुसून नव्या पेशंटसाठी तयार करायला सांगतात. घरचे तिला तेराव्याला बोलावत नाहीत, आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं, ते विसरतात. शक्य असेल तर तो पलंग एक दिवस रिकामा ठेवा. अंत्यदर्शन तिला आणि खोलीतल्या बाकीच्या आजींना घेऊ द्या; मागच्या दाराने लपवून नेलं तरी त्यांना कळतंच, उलट ‘मलाही असंच नेतील’ ही धास्ती बसते. पुढचा पेशंट कोणता घ्यायचा हे त्या मावशीला विचारा. कोणी फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

नातेवाइकांचा चिडचिडेपणा बहुतेक वेळा अपराधीपणातून येतो. वृद्धाश्रम म्हणजे परक्यांचं खूळ आणि आपण नालायक, असं त्यांना चारचौघांनी ऐकवलेलं असतं. प्रत्यक्षात पुण्यातलं ‘निवारा’, म्हणजे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि गोव्यात प्रोवेदोरिया ही सरकारी मदतसंस्था पोर्तुगीज काळापासून वृद्धांना सांभाळते आहे. नातेवाइकांना भेटीत करायला काम द्या. नुसते समोर बसले की दहा मिनिटांत बोलणं संपतं आणि नजर भिंतीवरच्या ओलीकडे जाते. आईच्या केसांना तेल लावा, नखं काढा, जुना अल्बम आणा. परदेशातल्या मुलांना खोलीत कॅमेरा हवा असतो. व्हरांड्यात ठेवा, खोलीत नको. आई कपडे बदलत असते तिथे तिच्या मुलानेही बघू नये. त्याऐवजी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून द्या, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळच्या बेचैनीत आई ओळख देत नाही आणि तिकडे मुलगा रात्रभर झोपत नाही. पैसे थांबवून फोन बंद करणारेही भेटतील. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि वृद्धांना वाऱ्यावर सोडणं हा त्याच कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. मार्गदर्शनाला ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

तीन महिन्यांनी कार्यक्रमांकडे वळा, पण बघण्याचे नकोत, करण्याचे हवेत. मेथी निवडायला, लसूण सोलायला, फुलवाती करायला बसवा. बोटांना ते आठवतं, तोंडाला नाव आठवत नसलं तरी. निवडलेली मेथी त्याच दिवशी जेवणात दिसली पाहिजे; नुसतं गुंतवण्यासाठी दिलेलं काम त्यांना लगेच कळतं. हळदीकुंकू ठेवणार असाल तर विधवांना बाजूला बसवून ठेवू नका. तुमच्याकडच्या बहुतेक आजी विधवाच असतील; सगळ्यांना कुंकू लावा, ज्यांना नको त्यांना फूल आणि वाण द्या. मावशींनाही त्याच रांगेत बसवा.

मालकांशी बोलायला जाल तेव्हा चार आकडे सोबत न्या, दर महिन्याचे: किती पडले, किती जणांचं वजन घटलं, किती जणांना झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, आणि किती मावशी सोडून गेल्या. वजन महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घटलं तर ते गंभीर धरा. चौथ्या आकड्यापुढे रुपये लिहा: ब्युरोचं नव्याने भरलेलं कमिशन, रिकाम्या दिवसांतली डबल ड्युटी, नव्या बाईला शिकवण्यात गेलेला आठवडा. दोन मावशींच्या जागा वाढवायला किती लागतं ते त्याच कागदावर, त्याच्याच खाली मांडा. मालक जादूगाराचं बिल देतात, तर हेही देतील. मात्र कागद हातात ठेवून बोला आणि होळीनंतर, लग्नसराई सुरू व्हायच्या आधी जा, कारण मे महिन्यात निम्म्या मावशी गावाला जातात आणि तेव्हा कोणाचंच ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो.